डुब्रावातलं शेवटचं गाढव

सगळा दोष माझा आहे, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे मार्विनला ते पुन्हापुन्हा सांगायचे कष्ट नकोत.

आमच्या डुब्रावात मतदार एकशेतेरा. गेल्या एप्रिलपर्यंत त्यातले एकशेबारा हत्तीवाले होते आणि एक गाढववाली. हत्ती म्हणजे रिपब्लिकन, गाढव म्हणजे डेमोक्रॅट. चिन्हं काही मी ठरवलेली नाहीत, तेव्हा मला बोल लावू नका. नेब्रास्कात मतदारयादीत नाव घालताना पक्षही लिहून द्यायचा असतो. मत गुप्त, पण पक्ष चारचौघांत. त्यामुळे कोण कुठला हे गावात सगळ्यांना पाठ.

ती एक गाढववाली म्हणजे लिबी स्कोचदोपोले. वय चौऱ्याऐंशी. अख्ख्या गावाची मावशी, म्हणून आम्ही तिला तेता लिबी म्हणतो. तिचा नवरा रूडी रेल्वेत होता, युनियनचा माणूस. तो होता तोवर गाढवं दोन होती. तो गेल्याला एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून ती एकटी.

आता कायदा बघा. मतदानकेंद्राच्या टेबलाशी तीन माणसं बसवायची, आणि तिघंही एकाच पक्षाची असता कामा नयेत. आमचं केंद्र जुन्या लॉज हॉलमध्ये, म्हणजे गावच्या सभागृहात. तिथे मी केंद्रप्रमुख, माझ्या डावीकडे बियाण्याच्या दुकानाचा मार्विन ह्रबाक आणि उजवीकडे तेता लिबी. अठ्ठावीस वर्षं असंच चाललं होतं. कायद्याचं सगळं ओझं त्या एका बाईच्या खांद्यावर, आणि आम्हाला त्याची जाणीवसुद्धा नव्हती.

तुम्ही म्हणाल, एका केंद्राचं एवढं काय कौतुक. आमची शाळा गेली, पोस्ट गेलं, किराणा दुकान गेलं. कोपऱ्यावरच्या शेतातल्या माणसाचं तोंड वर्षवर्ष दिसत नाही. मतदानाच्या दिवशी मात्र सगळे येतात. मत द्यायला पाच मिनिटं, आणि मग दोन तास कॉफी, खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, आणि कोणाचा गुडघा बदलला त्याच्या गप्पा. माझ्याआधी माझी आई केंद्रप्रमुख होती. मी सहा वर्षांची असल्यापासून त्या हॉलमध्ये कप उचललेत.

आणि निवडणूक तरी कसली, तर तीही नावापुरती. राज्यात काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, तीन मतदारसंघ. दुसऱ्यात, म्हणजे ओमाहात, हत्ती आणि गाढवांची अशी काही जुंपते की टीव्ही लावायची सोय नाही. आमचा तिसरा. नकाशावर बघाल तर जवळजवळ सगळं राज्य आमचंच, पण उमेदवार इकडे फिरकत नाही, कारण निकाल आधीच ठरलेला. ओमाहावाल्यांची भांडणं आम्ही घरी बसून बघतो आणि आपलं मत देऊन येतो.

तर एप्रिलमध्ये काय झालं, तेता लिबीच्या बहिणीचा नातू क्लेटन काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कमिशनरपदाला उभा राहिला, हत्तीकडून. आमच्या काउंटीत गाढवाकडून कोणी उभंच राहत नाही, त्यामुळे खरा निकाल मेमध्ये हत्तींच्या आपसातल्या निवडणुकीतच लागतो, आणि तिथे फक्त हत्तींनाच मत देता येतं. पोराला मत द्यायचं तर तेता लिबीला हत्ती होणं भाग होतं. ती कुरकुरत होती. मीच तिच्या मागे लागले. "तेता, रक्ताचं नातं मोठं की पक्ष?" मीच तिला गाडीत घालून अडतीस मैलांवर हॅव्हरलँडच्या कचेरीत नेलं. मीच पेन दिलं. परत आलो तर हॉलमध्ये पन्नास माणसं जमलेली. अर्लेटाने केक केला होता, त्यावर करड्या साखरेचा हत्ती. तो डुकरासारखा दिसत होता, पण भावना पोचली. शेवटचं गाढव आम्ही माणसात आणलं म्हणून टाळ्या वाजवल्या. मार्विनने तर भाषण केलं.

क्लेटन एकेचाळीस मतांनी पडला.

मेची निवडणूक जुन्या नेमणुकांवर निभावून गेली, पण सप्टेंबरच्या शेवटी कचेरीतून पत्र आलं. डुब्रावा केंद्रात आता दुसऱ्या पक्षाचा एकही मतदार उरलेला नाही. टेबलासाठी तसा माणूस पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मिळाला नाही, तर केंद्र बंद करून सगळ्यांचं मतदान हॅव्हरलँडला हलवलं जाईल, आणि एकदा हलवलं की ते परत येत नाही. खाली काउंटीची क्लार्क ट्रुडी हिने हाताने लिहिलं होतं, "डोरीन, केक कसा होता?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पत्र चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा खुर्चीत बसून वाचलं.

तारीख चार दिवसांवर येईपर्यंत मी आपली आशेवर होते की कोणीतरी पुढे येईल. शेवटी सोमवारी सभा बोलावली. पाऊणशे माणसं आली. तेता लिबी आली नाही. मी पत्र वाचून दाखवलं आणि म्हटलं, "एकाने कोणीतरी पक्ष बदलायचाय. नुसतं कागदावर. मत कोणालाही द्या, कोण बघतंय?"

सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या दिसायला लागल्या.

"मी बी विकतो," मार्विन म्हणाला. "गाढवाकडून बी कोण घेईल?"

"मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते," अर्लेटा म्हणाली. "फादरना काय वाटेल?"

"फादरना काही वाटणार नाही," मागच्या बाकावरून कोलाचे खात फादर म्हणाले.

"मग फादर, तुम्हीच का होत नाही?"

"माझं मत हॅव्हरलँडला आहे," फादर म्हणाले आणि दुसरा कोलाचे उचलला.

म्हातारा लुमीर उभा राहिला. त्याला नव्वद पुरी झालेली. "मी होतो," तो म्हणाला. "पण मतदानापर्यंत टिकेन याची हमी देत नाही." त्याच्या मुलीने त्याला कोटाला धरून खाली बसवलं. "पप्पा, आईला वर काय सांगाल?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे मी ऐकून होते. आमच्यात तर धरायला गाढवही उरलं नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, चला, पत्ते काढू. ज्याला पहिली दुर्री येईल, तो बदलेल. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण प्रत्येकाला वाटत होतं आपल्याला राजा येणार. पुढच्या बाकापासून सुरुवात झाली. एकेक जण पान काढून सुटल्यासारखा खाली बसत होता. आणि माझ्या नवऱ्याला, एल्डनला, किलवरची दुर्री आली.

एल्डन म्हणजे कोण, ते सांगते. आमच्या कोठीच्या छपरावर वीस फुटी हत्ती रंगवलेला आहे. तो एल्डनने स्वतः शिडीवर चढून रंगवला, त्यात त्याची बरगडी मोडली, आणि बरी झाल्यावर त्याने चढून सोंड पुरी केली. त्याने दुर्रीकडे बघितलं. मग ती शांतपणे गड्डीत खुपसली आणि म्हणाला, "पत्ते नीट पिसलेले नव्हते."

"एल्डन," मी म्हटलं, "सगळ्यांनी पाहिलंय."

"पाहू देत. माझा आजोबा हत्ती, बाप हत्ती. मी मेलो तर थडग्यावर हत्ती कोरायचाय. मधेच तीन आठवडे गाढव झालो तर दगडावर काय कोरशील?"

"ठोंब्या कोरीन," मी म्हटलं. पाऊणशे माणसांसमोर म्हटलं. "हट्टी ठोंब्या. गावाचा एक दिवस राहिलाय, तोही तुझ्यापायी जाणार."

तो टोपी घालून निघून गेला. सभा मोडली. घरी गेल्यावर आमचं बोलणं बंद. मीठ हवं असलं तर मी कुत्र्याला सांगायची, "तुझ्या मालकाला म्हणावं मीठ सरकव." तोही कुत्र्यालाच म्हणायचा, "तुझ्या मालकिणीला म्हणावं समोरच आहे." कुत्रं बिचारं दोघांकडे बघून बाहेर जाऊन झोपायचं.

मंगळवारी मी तेता लिबीकडे गेले. खोटं कशाला बोलू, पाय धरायलाच गेले होते. तिने दार उघडलं तेव्हा अंगावर लाल स्वेटर, त्यावर हत्तीचा बिल्ला. बाटगा जास्त कडवा असतो म्हणतात, तसं एप्रिलपासून ती आमच्यापेक्षा मोठी हत्ती झाली होती. टीव्हीवर गाढवाची जाहिरात लागली की आवाज बंद करायची.

"कशाला आलीस ते कळलंय मला," ती म्हणाली. "कॉफी घे आणि नाही ऐकून जा."

"तेता, एक सही. कागदावर. निवडणूक झाली की परत हत्ती हो."

"मी काय तव्यावरची पोळी आहे, सारखी उलटायला?"

"हॉल जाईल गं."

तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली. तिने टेबलावरचं कापड सारखं केलं.

"डोरीन, तू माझ्या शेजारी किती वर्षं बसलीस?"

"अठ्ठावीस."

"या घरात कितीदा आलीस?"

मी मोजायला लागले आणि थांबले. रूडीच्या वेळी आले होते. एप्रिलमध्ये, पेन घेऊन. आणि आता.

"गुरुवारी तुम्ही पत्त्यांत पिच खेळता," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली असतील. मला पिच येतं हे तुम्हाला ठाऊक होतं. मी दुकानात शिरले की बोलणं थांबायचं. वाईट कोणी बोललं नाही, ते मी नाही म्हणणार. पण टेबलाला चौथा पाय लागतो तशी मी तुम्हाला लागत होते, वर्षातून एक दिवस. एप्रिलमध्ये मी ती सही केली आणि पुढच्या गुरुवारी अर्लेटाचा फोन आला, तेता, पत्ते खेळायला येतेस का. तेव्हापासून एक गुरुवार चुकवला नाही मी. मी हत्तीबित्ती काही नाही गं पोरी. मला गुरुवार हवाय."

लाज वाटली. नुसती वाटली नाही, कानापर्यंत चढली. आम्ही तिच्यासाठी केक केला होता, तो पक्ष बदलला म्हणून. ती माणूस होती म्हणून एकदाही केला नव्हता.

"तू बदलू नकोस," मी म्हटलं. "मी काहीतरी बघते."

"काय बघशील?"

"बघते म्हटलं ना."

गाडीत बसल्यावर मला कळलं की बघण्यासारखी एकच गोष्ट उरलीय. मी गेली पंधरा वर्षं आमच्या भागातल्या हत्तींची प्रमुख कार्यकर्ती. पत्रकं मी वाटते, पाट्या मी ठोकते. पण आईचं केंद्र माझ्या हातून बंद झालं असतं तर मी त्या हॉलवरून गाडी नेऊ शकले नसते. ठरवलं, शुक्रवारी दुपारी, कोणाला न सांगता.

गुरुवारी पिचला तेता लिबी आली नाही. फोनही उचलला नाही. रागावली असेल, मी मनात म्हटलं, आणि तेही माझ्याच खात्यात जमा.

शुक्रवारी मी डोक्याला रुमाल बांधला, काळा चष्मा लावला, गाडी कचेरीसमोर न लावता पशुखाद्याच्या दुकानामागे लावली आणि मागच्या दाराने आत गेले. साडेचार झाले होते. ट्रुडीने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि न विचारता खणातून फॉर्म काढून पुढे ठेवला.

"तुला कसं कळलं?" मी म्हटलं.

"रुमाल," ती म्हणाली. "मार्विनने टोपी नाकापर्यंत ओढली होती. अर्लेटाने तर मास्क लावला होता."

"मार्विन? आमचा मार्विन?"

"मंगळवारी सकाळी. मी दार उघडायच्या आधी पायरीवर बसला होता. म्हणाला, कोणाला सांगू नकोस, बी विकायचं असतं. दुपारी अर्लेटा. बुधवारी लुमीर आला, म्हणाला मुलीला कळू देऊ नका. तासाभराने त्याची मुलगी आली, म्हणाली पप्पांना कळू देऊ नका." ट्रुडीला हसू आवरेना. "बावीस वर्षं या खुर्चीत बसलेय. तुझ्याआधी तुमच्या गावचे तेरा जण येऊन गेले. तू चौदावी. यादी उघडी असते, म्हणून सांगतेय. नाहीतर मी प्रत्येकाला वचन दिलंय."

मी खुर्ची ओढून बसले. सोमवारी बुटांच्या नाड्या बघणारी तीच माणसं. मला हसूही येत होतं आणि नाकही पुसावं लागत होतं. मी सही केली. मग ट्रुडीने यादी माझ्याकडे फिरवली आणि मी नावं वाचत खाली आले. तेराव्या ओळीवर थांबले.

स्कोचदोपोले, लिबी. गुरुवार, दुपारी दोन.

दोन वाजता आमचे पत्ते वाटले जातात.

"ही कशी आली?" मी विचारलं. "ती गाडी चालवत नाही आता."

"तुझा नवरा घेऊन आला होता," ट्रुडी म्हणाली. "तो आत आला नाही. पिकअपमध्येच बसून राहिला, खिडकीची काच वर करून."

मक्याची काढणी चालू होती. त्या दिवसांत एल्डन हार्वेस्टरवरून जेवायलासुद्धा उतरत नाही. अडतीस मैल यायचे, अडतीस जायचे.

तेवढ्यात ट्रुडीचं हसू गेलं. तिने पेन्सिल घेतली आणि यादीवर तीन ठिकाणी खूण केली. "डोरीन, तुमच्या टेबलाशी कोण कोण बसतं?"

"मी, मार्विन, तेता लिबी. ठाऊक आहे की तुला."

"तिघंही गाढवं," ट्रुडी म्हणाली. "तिघंही एकाच पक्षाची चालत नाहीत. आता तुमच्याकडे हत्ती नाही."

नव्याण्णव हत्तींच्या गावात टेबलाशी बसवायला एक हत्ती नाही.

"माझी सही फाड," मी म्हटलं.

"फाडता येत नाही. नोंद झाली."

"मग कोणताही हत्ती घे. गावात रग्गड आहेत."

"ट्रेनिंग झालेला हवा. आणि पाचपर्यंत नाव हवं." तिने दुसरी वही उघडली, बोट फिरवलं. "मेमध्ये राखीव म्हणून ट्रेनिंग घेतलेला तुमच्या गावचा एकच माणूस आहे."

मला आठवलं. मेमध्ये ट्रेनिंगला जेवण फुकट होतं. मी जाणार होते, तर तोही माझ्याबरोबर आला होता, जेवणासाठी.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा मिनिटं होती. मी फोन लावला. सोमवारपासून आमचं बोलणं नव्हतं. हार्वेस्टरचा आवाज आला आणि मग, "बोल."

"एल्डन, मी हॅव्हरलँडला आहे."

"ठाऊक आहे. गाडी पशुखाद्याच्या दुकानामागे लावलीयस. त्या दुकानातल्या ग्लेनने बघून कळवलं."

"मी सही केली."

"कसली?"

"गाढवाची."

हार्वेस्टर बंद झाल्याचं ऐकू आलं. "बरं," तो म्हणाला.

"बरं काय? ओरड की."

"चार दिवस एक टोमणा मारला नाहीस मला. तेव्हाच वाटलं, काहीतरी मोठं शिजतंय."

"तेता लिबीला तू आणलंस इथे?"

"मी तिच्या घर तापवायच्या फर्नेसची जाळी बदलायला गेलो होतो. दरवर्षी जातो, तुला ठाऊक नाही. तिने विचारलं डोरीन कशी आहे. मी म्हटलं बोलत नाही माझ्याशी. ती म्हणाली, मग प्रकरण गंभीर आहे, गाडी काढ. वाटेत एक अक्षर बोलली नाही. येताना म्हणाली, पत्ते एकट्याने खेळायचा पण एक खेळ असतो."

मग मी त्याला सगळं सांगितलं, मार्विन, अर्लेटा, लुमीर, टेबल. "आता हत्ती हवाय," मी म्हटलं. "ट्रेनिंग झालेला तू एकटाच आहेस."

"मांस वातड होतं," तो म्हणाला. "त्या ट्रेनिंगमध्ये."

"एल्डन, पाचला सात मिनिटं आहेत."

"म्हणजे तुला पक्का हत्ती हवाय."

"हो."

"काही झालं तरी न बदलणारा."

"हो रे बाबा, हो."

"सोमवारी सभेत काय म्हणालीस मला?"

कचेरीत ट्रुडी होती, एक कुत्र्याचा परवाना काढायला आलेला माणूस होता, आणि दोघांनीही कामं थांबवली होती.

"ठोंब्या म्हणाले," मी म्हटलं. "हट्टी ठोंब्या. चुकलं माझं. तसाच राहा."

"फोन ट्रुडीला दे," एल्डन म्हणाला.

मतदानाच्या दिवशी सकाळी सातला आम्ही हॉल उघडला. मार्विनने टेबलं मांडली आणि माझ्याशी नजर न मिळवता कॉफी लावली. टेबलाशी एक जागा हत्तीला देणं भाग होतं, म्हणून त्याने आपली खुर्ची स्वतःहून एल्डनला दिली होती. एल्डन इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता आणि नियमांचं पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होता. तो नियमांच्या बाबतीत भयंकर कडक निघाला. अर्लेटाच्या कोलाचेचं ताट टेबलापासून किती फुटांवर असावं, तेही त्याने टेपने मोजलं.

तेता लिबी तिच्या जागेवर येऊन बसली. स्वेटर निळा होता, बिल्ला नव्हता. मी तिला काही बोलले नव्हते. ट्रुडीने कोणालाच काही सांगितलं नव्हतं, आणि जे गेले ते अजून एकमेकांपासून लपवत होते. तेता लिबीला वाटत होतं, ती एकटीच गेली.

छापील यादी त्याच सकाळी आली होती. मतदान सुरू व्हायच्या आधी तेता लिबी ती यादी बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं, ते तिला बघायचं असतं. तिने चष्मा लावला आणि यादी पुढे ओढली. दुसऱ्याच पानावर बोट थांबलं.

"पोरी, यादी चुकलीय," ती म्हणाली. "मार्विनच्या नावापुढे गाढव छापलंय."

मार्विन छताकडे बघायला लागला.

"चुकलेलं नाही, तेता."

ती पुन्हा यादीकडे वळली. बोट खाली सरकत गेलं, थांबलं, सरकलं, थांबलं. "अर्लेटा," ती पुटपुटली. "लुमीर. आणि त्याची पोरगीसुद्धा?" पान उलटलं. ओठ हलत होते, ती मोजत होती. शेवटच्या पानावर तिने माझं नाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"कधी?"

"शुक्रवारी. तू गुरुवारी गेलीस ते मला माहीत नव्हतं."

"चौदा," ती म्हणाली. "रूडी गेला तेव्हापासून एकच होतं." तिने चष्मा काढून पुसला, लावला, आणि पुन्हा काढला. "एकवीस वर्षं मी हा पक्ष एकटीने चालवला. कधी भांडण झालं नाही. आता बघ, नाताळच्या आत दोन गट पडतात की नाही."

"पडू देत. तू कुठल्या गटात जाशील?"

"ज्यात तू नसशील त्यात," ती म्हणाली आणि माझा हात धरला, तो सोडलाच नाही. दुसऱ्या हाताने पहिलं पान काढून ती पुन्हा वरपासून नावं वाचायला लागली, एकेका नावावर थांबत.

आठ वाजले. बाहेर पायरीवर माणसं जमली होती, कोणीतरी काच ठोठावली. एल्डन दाराशी किल्ली घेऊन उभा होता. त्याने घड्याळ बघितलं, तेता लिबीकडे बघितलं, आणि लोकांकडे पाठ करून तिचं शेवटचं पान होईपर्यंत तसाच उभा राहिला. आठ वाजून चार मिनिटांनी त्याने दार उघडलं.